दोन खिशांचे शर्ट

दि. ३ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि तुझे चिरंजीव त्याच्या शेजारच्या खुर्चीत, म्हणून हा कागद. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या कानाशी बसून बोलणं मला जमत नाही, आणि एकतीस वर्षं वर्गात विज्ञान शिकवल्यावर माणसाला कुजबुजताही येत नाही.

तो इथे येऊन तीन आठवडे झाले. अग्निशमन दलाची भरती आहे, दोन महिने आत्याकडे राहील, असं तू म्हणालीस आणि मी बरं म्हटलं. धावणं झालं, दोरावर चढणं झालं, दोन्हींत पहिल्या दहांत आला. अकरा तारखेला लेखी परीक्षा आहे, चार एप्रिलला पोहण्याची चाचणी. मे महिन्यात त्याला सव्वीस पूर्ण होतील आणि वयाची अट संपेल, म्हणजे ही शेवटची संधी. हे सगळं मला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते विचारते.

सकाळी साडेपाचला तो खोलीला आतून कडी लावतो. मग धप्प, धप्प, धप्प. चांगला पाऊण तास. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी मला जिन्यात गाठून, तुम्ही पहाटे काही कुटता का, असं विचारलं. मी दार वाजवलं की आतून उत्तर येतं, काही नाही आत्या. ‘काही नाही’चा एवढा आवाज होत नाही. माझी पत्र्याची ट्रंक रोज भिंतीपासून हातभर पुढे सरकलेली असते.

या उकाड्यात तो दोन बनियन घालतो, वर शर्ट, आणि बाहेर पडताना वर ते करडं जाकीट. घामाने निथळतो, पण काढ म्हटलं की थंडी वाजते म्हणतो. मी ताप पाहिला. नाही.

रोज दुपारी चारला खांद्यावर टॉवेल टाकून जलतरण तलावावर सरावाला जातो आणि सहाला केस ओले करून येतो. टॉवेल मात्र कोरडा. मी हात लावून पाहिला, वास घेतला. तलावाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो, तो मला झोपेतही ओळखता येईल. टॉवेलाला साबणाचा वास होता. तीन दिवस लागोपाठ पाहिलं, मगच लिहायला बसले.

आणि कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेचा मालक. या माणसाला मान नाही, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं आहे. मी त्याला बिनमान्या म्हणते. तो याला गल्लीच्या तोंडाशी भेटतो, दोघं इकडेतिकडे बघत बोलतात, आणि परवा त्याने याच्या हातात एक डबा दिला. डब्यावर ना नाव, ना गाव. तो डबा आता माझ्या ट्रंकेमागे आहे.

वहिनी, सरळ विचारते. भानगड काय आहे? मारामारी, नशा, की कुणी मुलगी? मुलगी असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण मुलीसाठी कुणी पहाटे जमीन हादरवत नाही. भाऊला हे पत्र दाखव किंवा दाखवू नकोस. त्याला त्याच्या लेथ यंत्रापलीकडचं काही ऐकू येत नाही.

गुडघ्याचं कळव. लोभ आहेच, तो उत्तरावर अवलंबून नाही. पण उत्तर हवं.

तुझी,
वन्सं


दि. ९ मार्च

ती. वन्संच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शाळेच्या गणवेशांत गळ्यापर्यंत बुडाले होते. साठ सदरे, साठ चड्ड्या, आणि काज करणारी बाई माहेरी. वाचता वाचता सुई बोटात गेली. वन्सं, तुम्ही खरंच त्याच्या टॉवेलाचा वास घेतलात? हे हसले असते, पण मी त्यांना पत्र दाखवलेलं नाही.

तुम्ही एकतीस वर्षं मुलांवर पहारा केलात, तुमची नजर तशी झाली आहे. राग मानू नका. पण आमचा तसा नाही. भरती म्हटली की पोरं व्यायाम करणारच, आणि व्यायाम म्हटला की आवाज होणारच. थंडी त्याला लहानपणापासून वाजते. शाळेत असताना एकदा मोठा ताप आला होता, तेव्हापासून. टॉवेलाचं म्हणाल तर मुलं विसराळू असतात, दुसऱ्याच कुणाचा वापरला असेल.

एक विनंती आहे. त्याचे शर्ट तुम्ही धुवायला घेऊ नका. तो स्वतः धुतो, इस्त्रीही स्वतः करतो, त्याला सवय आहे. माझी शिवण जरा नाजूक आहे, दुसऱ्याच्या हाताने पिळली तर आकार जातो. हे मी त्याला सांगून पाठवलंच आहे, तुम्हालाही सांगते इतकंच.

डब्याचं मात्र माझ्याही डोक्यात घोळतं आहे. तो कसला आहे तेवढं पाहाल का? पण त्याला कळू न देता.

गुडघा मशीनच्या पायडलवर बरा असतो, जिन्यावर नसतो. तुमची माया आमच्यावर आजवर होती तशीच राहो.

तुमची आज्ञाधारक,
वहिनी


दि. १५ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

शर्टांना हात लावू नका असं लेखी यावं आणि मी ते शर्ट पाहू नयेत, अशी तुझी अपेक्षा असेल तर सत्तावीस वर्षांत तू मला ओळखलंच नाहीस.

चार शर्ट आहेत. चारही शर्टांना दोन-दोन खिसे, वर झाकणं. इतपत ठीक आहे. पण खिशामागे आतून बकरम. एकावर एक दोन थर, खांद्यापासून थेट बरगड्यांखालपर्यंत, आणि वरून आडवे-उभे टाके इतके दाट की कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. आता कॉलरला बकरम लावतात, पट्टीला लावतात, हे मलाही कळतं. छातीला कोण लावतं, आणि कशासाठी?

परीक्षागृहात मी काय काय पाहिलं आहे ते तुला सांगितलेलं नाही. एका मुलीने सगळी रासायनिक समीकरणं परकराच्या घडीत शिवून आणली होती. एकाने धडधाकट हाताला प्लास्टर घातलं होतं, त्यात अख्खा इतिहास. अस्तरामागचा कप्पा तर सगळ्यांत जुनी युक्ती. आणि काल लेखीचा निकाल लागला. चारशे बारा जणांत तुझा मुलगा तिसरा. तिसरा! शाळेत त्याला विज्ञानात जेमतेम ढकलला होता, तेव्हा तूच माझ्याकडे रडत आली होतीस.

चारही शर्ट धुऊन दोरीवर होते, तो बनियनांवर नुसतं जाकीट चढवून, टॉवेल घेऊन बाहेर पडला आणि मी ब्लेड घेऊन बसले. आठही खिसे उसवले. आत काहीही नाही. म्हणजे अकरा तारखेनंतर काढून टाकलं, एवढाच त्याचा अर्थ. बकरम मी परत लावलेलं नाही, पुन्हा कप्पे कशाला? खिसे तेवढे जागच्या जागी शिवले. तुझ्याइतकी सफाई नाही, पण त्याच्या लक्षात येणार नाही.

डबा उघडला. पिवळट भुकटी, व्हॅनिलाचा वास. जीभ लावून पाहिली, मागून कडवट लागते. माझी जीभ दोन तास बधिर होती की मला तसं वाटत होतं, हे सांगता येणार नाही.

वहिनी, मला फसवणूक पचत नाही, आणि घरातली तर मुळीच नाही. जळत्या घरातून दुसऱ्याला खाली आणायचं काम कुणी कॉपी करून मिळवू नये. भरती अधिकाऱ्यांच्या नावे मी पत्र लिहून ठेवलं आहे. चोवीस तारखेपर्यंत तुझ्याकडून पटेल असं उत्तर आलं नाही तर ते टपालात पडेल. दोन ओळी चालतील, पण खऱ्या.

आशीर्वाद आहेतच.

वन्सं


दि. १९ मार्च

ती. वन्संच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

ते पत्र टाकू नका. टाकलं असेल तर टपाल कचेरीत जाऊन हातापाया पडून परत आणा. चिठ्ठ्या-बिठ्ठ्या काही नाही. तो तिसरा आला कारण चार महिने तो आमच्या माळ्यावर पुस्तकं घेऊन बसला होता.

ते बकरम मी लावलं आहे. आणि ते लावलेलं आहे हे त्याला माहीत नाही.

कुठून सांगू? चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलांची अंगं बदलतात, तशी त्याची छाती जराशी भरली. फार नाही. शाळेत तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, पुष्कळ मुलांना होतं, वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. बहुतेकांचं जात असेल. त्याचं अर्धं गेलं, अर्धं राहिलं. त्याच सुमारास शाळेने मुलांना पोहायला नेलं होतं. आमचा परत आला तो शर्टासकट भिजून. पाय घसरला म्हणाला. चार दिवसांनी एक बाई झबलं शिवायला टाकायला आली, तिच्याकडून कळलं, की तलावावर मुलांनी त्याला मावशी म्हणून हाका मारल्या आणि तो आठवडाभर वर्गात मावशीच होता.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेचा शर्ट कापायला घेतला आणि दोन खिसे काढले, मागे बकरम घातलं. त्याने तो घालून आरशात पाहिलं. महिनाभर खांदे पाडून चालणारा मुलगा, वन्सं, सरळ उभा राहिला आणि खेळायला गेला. मी तशीच मशीनवर बसून राहिले. मग दुसरा शिवला, तिसरा शिवला. अकरा वर्षांत त्याच्या अंगावर विकतचा शर्ट नाही. त्याला वाटतं, आईला दोन खिशांची हौस आहे. उगाच जड शिवतेस म्हणून चिडवतोही कधीकधी.

अकरा वर्षांत त्याने माझ्यासमोर बनियन काढलेलं नाही आणि मी त्याच्याकडे त्या नजरेने पाहिलेलं नाही. झाकलं जातंय तोवर बोलायचं कशाला, असं मला वाटत राहिलं. पोहायचा तो कालव्यावर, एकटा, शर्ट घालून. आणि पहाटेचा तो आवाज म्हणजे दंड असणार. इथेही माळ्यावर काढायचा. आता चाचणीला सगळ्यांसमोर उघड्या अंगाने उतरायचं, म्हणून त्याची धडपड चालली असेल. टॉवेल का कोरडा राहतो, हे तर आता तुम्हालाही कळेल.

ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यालाही कळू देऊ नका. अकरा वर्षं आईला माहीत होतं, हे त्याला कळलं तर तो मला तोंड दाखवणार नाही. बकरम टाकून दिलं नसेल तर परत लावाल का? सोबत नकाशा काढून पाठवते आहे, कुठून कुठे टाके घालायचे तो. डावीकडचा थर उजवीपेक्षा बोटभर खाली घ्यायचा.

पदर पसरते. कृपा असू द्या.

तुमची,
वहिनी


दि. २४ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. अधिकाऱ्यांच्या नावाचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं, तिकीट लावून तयार. फाडलं. मी चुकले. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा लिहिलेलं नाही, तेव्हा नीट वाचून ठेव.

आता माझ्या चुकीने काय झालं ते ऐक. सतरा तारखेला त्याने मी उसवून परत शिवलेला निळा शर्ट घातला, जिना उतरला आणि दहा मिनिटांत परत आला. औषधाच्या दुकानाच्या काचेत स्वतःला पाहिलं असणार. खोलीत जाऊन दुसरा शर्ट घातला, मग तिसरा, मग चौथा. दाराच्या फटीतून मला दिसत होतं आणि मी मनात म्हणत होते, शोध बाबा शोध, चिठ्ठ्या शोध. अशी मी.

तुला लक्षात येतंय ना? शर्टात काही होतं हे त्याला ठाऊकच नाही. शर्ट तेच आणि छाती एकदम दिसायला लागली, म्हणजे छातीच वाढली, असा त्याचा हिशेब. दोन दिवस तो बाहेर पडला नाही. दंड दुप्पट केले आणि त्या भुकटीचे चमचेही दुप्पट. वीस तारखेला सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, हात थरथरायला लागले, नाडी मोजली तर एकशे तीस. तेव्हा मी काहीएक न विचारता त्याला रिक्षात घातला आणि डॉक्टरकडे नेला. डॉक्टर माझीच विद्यार्थिनी, गप्पांसाठी मी तिला पुष्कळदा वर्गाबाहेर उभी केलेली. तिने प्रथम मलाच खोलीबाहेर काढलं. मी गेले.

अर्ध्या तासाने त्याला विचारून तिने मला आत घेतलं आणि मोकळेपणाने सांगितलं. नीट चाचपून पाहिलं, कडक गाठ नाही, दुखणं नाही, स्राव नाही. थोडी चरबी आणि मागे बोराएवढी ग्रंथी, बस. असे पुरुष पुष्कळ असतात आणि सगळे शर्ट घालून हिंडतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत, असं म्हणाली. व्यायाम चांगलाच. छातीचे स्नायू वरून भरले की खालचा फुगवटा कमी दिसतो. पण याने नुसते दंड काढले, पाठीला हात लावला नाही, आणि लपवायला खांदे पुढे ओढून चालतो. त्यानेच जास्त दिसतं. तेव्हा पाठीचे व्यायाम आधी, चालणं-धावणं रोजचं. चरबी एकाच जागेची उतरत नाही, उतरली तर अंगभर उतरते. ग्रंथी व्यायामाने जात नाही. तिने बिघडत काही नाही, फारच सलली तर लहानशी शस्त्रक्रिया असते, तिची घाई नाही. भुकटी मात्र आजच्या आज बंद. अशा बेनावाच्या डब्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि काहींनी नेमकी हीच तक्रार वाढते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अदबीने म्हणाला, की मॅडम म्हणतात ते खरं असेल, पण आठवड्यापूर्वी हाच शर्ट नीट बसत होता आणि शर्टाला खोटं बोलायचं काही कारण नाही. मला तेव्हा अर्थ लागला नाही. काल तुझं पत्र वाचताना लागला, आणि मी चहा तसाच ठेवून उठले.

तो आता चाचणीला जायचं नाही म्हणतो. परत येऊन भाऊबरोबर लेथवर उभा राहीन म्हणतो.

नकाशा मिळाला. बकरम मी लावणार नाही. पाण्यात शर्ट घालून उतरू देणार नाहीत, वहिनी, तिथे तुझी शिवण काय कामाची? त्याला सांगावं लागेल. मी सांगू शकते, पाच मिनिटांचं काम आहे. पण मी सांगितलं तर आई काय करत होती तेवढं त्याला कळेल. का करत होती ते तुलाच सांगता येईल. एकतीस तारखेपर्यंत थांबते. त्यानंतर मी बोलेन, आणि मला गोड बोलता येत नाही हे तू जाणतेस.

मशीन सोड, पेन धर. मनापासून आशीर्वाद.

वन्सं


दि. २८ मार्च

ती. वन्संच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

सोबत त्याच्या नावाचं पाकीट आहे. डिंकाने चिकटवून वरून दोन टाके घातले आहेत. ते टाके मी मोजून घातले आहेत, वन्सं. पाकीट उघडू नका. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण तुमच्याकडे ब्लेड आहे.

चार पानं लिहिली, तीन फाडली. जे उरलं ते एक पान. ह्यांना काल सगळं सांगितलं. ते हातातली चावी फिरवत म्हणाले, मलाही होतं तसं, बावीसएक वर्षांचा होईपर्यंत. सत्तावीस वर्षांच्या संसारात मला हे आज कळतं आहे. तुम्हा भावंडांना बोलायचं शिकवलं तरी कुणी?

त्याने वाचलं की कसा दिसतो ते लगेच कळवा. मला जेवण जात नाही.

तुमची,
वहिनी


दि. १ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट उघडलं नाही. वाफेवर धरावं असं मनात येऊन गेलं, ते लपवत नाही.

कालच त्याच्या हातात दिलं. त्याने टाके पाहिले आणि तुझी शिवण ओळखून हसला. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या उभ्या वाचलं. पान उलटून मागे काही आहे का पाहिलं. पुन्हा वाचलं. मला विचारलं, की आत्या, तुला केव्हापासून माहीत आहे. मी म्हटलं, आठ दिवस. आणि शर्ट कुणी उसवले, असं विचारलं. मी म्हटलं, मी, आणि तू परीक्षेत लबाडी केलीस असं समजून उसवले. यावर तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. म्हणाला, घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना वेगवेगळं माहीत होतं. चप्पल घातली आणि गेला.

मी त्याच्या मागे गेले. हो, गेले. मला संशय आला, की तो बिनमान्याकडे जाणार. गेला नाही. तलावावर गेला आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसून राहिला. फाटकावरच्या माणसाला मी विचारलं. तो म्हणाला, हे गृहस्थ ना, महिनाभर रोज येतात, दोन तास दुसऱ्यांचं पोहणं बघतात आणि जाताना नळाखाली डोकं भिजवतात. वहिनी, महिनाभर मी फक्त टॉवेल तपासत होते.

येताना बिनमान्याला गाठलं. डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि आत काय आहे ते फळ्यावर लिहून दाखव म्हटलं. त्याला एकही घटक सांगता आला नाही. सगळेच घेतात, म्हणाला. हे उत्तर मी एकतीस वर्षं ऐकलं आहे.

आज सकाळी खोलीतून आवाज आला नाही. पाहिलं तर दार सताड उघडं, आणि तो जमिनीवर पालथा पडून खांदे मागे खेचत होता, डॉक्टरने दाखवलं तसं. डब्यातली पोळी घेतली, पण ‘आत्या, जातो’ म्हणाला नाही. चाचणीचं ओळखपत्र टेबलावर आहे. मी ते हललं का हे दिवसातून चारदा बघते. अजून हललेलं नाही.

चार तारखेला काय करील ते मला माहीत नाही. मी त्याला जा म्हणणार नाही, जाऊ नको म्हणणार नाही. तूही फोन करू नकोस. आपण दोघींनी आजवर त्याच्यासाठी पुरेसं केलं आहे.

जेव. लोभ नेहमीचाच.

वन्सं


दि. ५ एप्रिल

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पाच दिवस लागले. पहिले दोन दिवस मला खूप राग आला होता. अजून आहे, पण आता कागद फाडावासा वाटत नाही, म्हणून लिहितो.

काल चाचणीला गेलो. आत्या फाटकापर्यंत आली आणि आपला इथे काही संबंध नाही असा चेहरा करून पलीकडच्या फुटपाथवर वर्तमानपत्र वाचत उभी राहिली. तिने ते उलटं धरलं होतं.

आम्ही अडतीस जण ओळीत उभे होतो. अधिकारी म्हणाले, कपडे काढून बाकावर ठेवा. मी सगळ्यांत शेवटी काढले. आणि मग, आई, मी कोण बघतंय ते बघायला लागलो. माझ्या डावीकडच्याच्या पोटावर शस्त्रक्रियेचा हा एवढा व्रण होता, तो हाताने झाकत होता. उजवीकडचा इतका हडकुळा की श्वास ओढून छाती फुगवून उभा, आणि बोलायला लागला की फुस्स. एकाच्या पाठीवर कोडाचे डाग होते, तो भिंतीला पाठ लावून सरकत होता. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते आपापल्याकडे. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं असं मात्र सांगणार नाही, कारण ते खरं नाही. पलीकडच्या ओळीतला एक हसला. मागून म्हणाला, बायकांची चाचणी उद्या आहे ना. दोघं-तिघं हसले. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. अकरा वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते हेच होतं, आणि ते होऊन गेलं, आणि मी तिथेच उभा होतो. तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

दोनशे मीटर पोहायचं, मग तळातून ऐंशी किलोचा पुतळा वर आणायचा. मी इतकी वर्षं कालव्यात शर्ट घालून पोहलो. शर्टाशिवाय पाणी एवढं हलकं असतं, हे मी साफ विसरलो होतो. दुसरा आलो. तो हसणारा पुतळ्यापर्यंत पोहोचला नाही, त्याला आम्ही दोघांनी मिळून वर काढलं. व्रणवाला आणि मी. त्याचं मला फार काही वाटलं नाही, उलट तो खोकत खोकत ‘आभारी आहे’ म्हणाला तेव्हा मीच संकोचलो.

निवड झाली. एक मेला दलाच्या वसतिगृहात हजर व्हायचं आहे.

छातीचं म्हणशील तर ती आहे तशीच आहे. व्यायाम चालू ठेवणार. डॉक्टर म्हणाल्या की सहा महिन्यांनी फरक दिसेल, थोडाच दिसेल. थोडा तर थोडा. बाबांनी काल फोनवर स्वतःचं सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं आणि मग मशीन सुरू आहे म्हणून फोन ठेवला. मशीन बंद होतं, मला ऐकू येत होतं.

आता तुझ्याबद्दल. तू लिहिलंस की मी सरळ उभा राहिलो ते पाहून तुला पुढे काही बोलवलं नाही. ते मला समजलं. पण आई, मी त्या शर्टात सरळ उभा राहिलो आणि नंतर अकरा वर्षं एकटाच होतो. माळ्यावर दंड काढताना तू खाली मशीन चालवायचीस, आवाज बुडावा म्हणून मुद्दाम जोरात चालवायचीस, हे मला आता कळतंय. एकदा मशीन थांबवून वर यायला हवं होतंस. मी चिडलो असतो, दार लावून घेतलं असतं, चार दिवस बोललो नसतो. तरी यायला हवं होतंस.

तू आणि आत्या एकमेकींना लिहा, खुशाल लिहा. तुझ्या गुडघ्याबद्दल लिहा, तिच्या दंतवैद्याबद्दल लिहा. माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचार. वसतिगृहाचा पत्ता खाली देतो आहे. तिथे फोन एकच आहे आणि रांग मोठी असते, तेव्हा पत्रच टाक.

तुझा लोभ कमी पडला असं मी कधीच म्हणणार नाही. आता विचारतही जा.

तुझा,
मुलगा